हे असं का? : फायबरची होडी पाणी पिते का?



या खेपेचा प्रश्न अश्दोदहून आला आहे. विचारणारा बारा वर्षांचा आहे. मराठी त्याला बोलता येतं, लिहिता येत नाही, म्हणून पत्र त्याच्या आजीने लिहून दिलंय, आणि आजीने मधे मधे आपलंही थोडं घुसडलंय. मुलाचा मोठा भाऊ २०२२ साली फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला कतारला गेला होता. त्या वेळी बेन गुरियनहून थेट दोहाला विमानं सोडली होती, आठवत असेल. त्याने कॅमेरून आणि सर्बियाची ३-३ अशी बरोबरीत सुटलेली मॅच अल वक्रा गावच्या अल जनूब स्टेडियमवर पाहिली, आणि मग गावच्या बंदरावर जाऊन फोटो काढले. त्यातला एक फोटो घरात भिंतीवर लावला आहे. एका बाजूला तपकिरी रंगाचं मोठं लाकडी जहाज, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र फायबरच्या लहान बोटी.

मुलगा विचारतो : "लाकूड भिजतं, फुगतं, कुजतं. फायबर म्हणजे प्लास्टिक, त्याला पाणी लागतच नाही. मग तिथले लोक अजून लाकडी जहाजं कशाला ठेवतात?" आणि खाली आजीची ओळ : "आमच्या रेवदंड्याला पण आता फायबरच्याच होड्या झाल्या म्हणे. खरं का?"

आजी, खरं आहे. सगळ्या नाही, पण कोकणात लहान होड्यांत फायबर पुष्कळ शिरलं आहे. आता नातवाचं उत्तर. त्याने विचारलेला प्रश्न छान आहे, पण त्यातलं एक वाक्य मला खटकतं. फायबरला पाणी लागतच नाही, हे. दुकानदार असंच सांगतात आणि आपण मान डोलावतो. फायबरला पाणी लागतं, आणि ते पाणी पितंही. फक्त ते गुपचूप पितं. लाकूड उघड उघड पितं.

प्रथम गाव कुठे आहे ते सांगतो. अल वक्रा दोहाच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, समुद्राच्या काठी. नावाचा अर्थ पक्ष्याचं घरटं असा सांगतात. जुनं गाव मासेमारीचं आणि मोती काढणाऱ्यांचं. उन्हाळ्यात माणसं महिनोन् महिने जहाजांवर राहून बुड्या मारीत. १९३० च्या सुमारास जपानी लोकांनी शेतीसारखे पिकवलेले मोती बाजारात आले आणि हा धंदा बसला. पुढे तेल सापडलं. आज तिथे जुन्या पद्धतीचा बाजार पुन्हा उभा केला आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यात उघडलेलं अल जनूब स्टेडियम तर जहाजाच्या आकारावरूनच काढलेलं आहे. झाहा हदीद या बाईंच्या कचेरीने ते आखलं. आत उभं राहून वर पाहिलं की पालथ्या घातलेल्या जहाजाच्या फासळ्यांखाली उभं असल्यासारखं वाटतं, असं तो मोठा भाऊ सांगतो.

या आखातातल्या जहाजांचं लाकूड कुठून जायचं? आपल्याकडून. मलबारचा सागवान. अरबस्तानात झाड म्हणजे खजूर, आणि खजुराच्या लाकडाची फळी नीट निघत नाही. त्यामुळे सागवान, काथ्या, दोरखंड, सगळं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून तिकडे जाई. आजही केरळात बेपूरला मोठी लाकडी जहाजं बांधतात आणि कतारचे श्रीमंत लोक ती विकत घेतात.

लाकूड पाणी कसं पितं

आजी-आजोबांना आठवत असेल, कोकणातल्या घरांची दारं पावसाळ्यात फुगून बसायची. खांद्याने ढकलावं तेव्हा उघडायची. पण एक गोष्ट लक्षात आली होती का? दार रुंदीला फुगायचं, उंचीला नाही. वरच्या बाजूला कधी अडकायचं नाही, कडेला अडकायचं. याचं कारण लाकडाच्या घडणीत आहे. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांचा जुडगा. या नळ्या सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या असतात आणि लिग्निन नावाच्या नैसर्गिक राळेने एकमेकींना चिकटलेल्या असतात. सेल्युलोजला जागोजागी जणू हुक असतात, आणि पाण्याचे कण त्या हुकांना जाऊन लटकतात. कण लटकले की तंतू जाड होतो. लांब मात्र जवळजवळ होत नाही. म्हणून दार कडेला अडकतं.

कापूस, ताग, अंबाडी, काथ्या, खजुराची झावळी, सगळ्यांत हेच सेल्युलोज आहे. कोणात जास्त, कोणात कमी. काथ्यात लिग्निन जास्त, म्हणून तो खाऱ्या पाण्यातही बरीच वर्षं टिकतो. आपल्या पूर्वीच्या माणसांनी जहाजाच्या फळ्या शिवायला नेमका काथ्याच का निवडला, त्याचं कारण हेच. कोणी त्यांना लिग्निन शिकवलं नव्हतं. शंभर दोऱ्या कुजताना पाहिल्या आणि न कुजणारी ठेवली.

आता गंमत बघा. होडी बांधणाऱ्याला लाकडाचं हे फुगणं माहीत होतं आणि त्याने त्याचा उपयोग करून घेतला. फळीला फळी लावली तरी मध्ये बारीक फट राहतेच. त्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरायचा. होडी पाण्यात ढकलली की पहिला दिवस-दोन दिवस पाणी आत येणार, ते उपसत बसायचं. मग फळ्या पाणी पितात, रुंदीला फुगतात, एकमेकींना घट्ट दाबतात आणि फट आपोआप बंद होते. म्हणजे होडी कोरडी राहते ती फळी ओली झाल्यामुळे! आणि हीच होडी चार महिने उन्हात वाळूवर ठेवली तर फळ्या आक्रसतात आणि फटी पुन्हा उघडतात. बैलगाडीच्या चाकाचं तेच. उन्हाळ्यात लाकूड आटलं की लोखंडी धाव सैल व्हायची, आणि गाडीवान चाक ओढ्यात बुडवून ठेवायचा.

पण हे पिणं आवाक्यात ठेवावं लागतं. म्हणून आखातात जहाजाला पाण्याच्या वरच्या भागावर माशाच्या यकृताचं तेल चोळीत, आणि खालच्या भागाला चुना आणि चरबी कालवून लेप देत. वास कसा येत असेल याची कल्पना करा. तेलाने पाणी थांबतं हे आपल्या शनवार तेल्यांच्या घराण्यांना कोणी शिकवायला नको.

जिथे हा आवर नाही तिथे काय होतं, त्याचाही नमुना त्याच भागात आहे. ओमानच्या किनाऱ्यावर आणि फुजैराला खजुराच्या झावळ्यांच्या देठांची एक लहान होडी करीत. तिला शाशा म्हणतात. देठ एकाला एक बांधायचे, झाली होडी. ना फळी, ना खिळा. कोळी तिच्यावर बसून पहाटे मासे धरायला जाई. पण काही तासांत देठ पाणी पिऊन जड होत, होडी खाली खाली जाऊ लागे, आणि मग तिला वाळूवर ओढून उन्हात वाळवावी लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. हिला बुडणारी होडी म्हणायची की रोज वाळणारी, ते तुम्ही ठरवा.

मोशेची पेटी

आता फायबर म्हणजे काय ते बघू. फायबर म्हणजे तंतू. नुसत्या तंतूची होडी होत नाही आणि नुसत्या राळेचीही होत नाही. नुसती राळ ठोकर लागली की तडकते, नुसता तंतू लवतो. दोन्ही एकत्र केले की तंतू ओढ सहन करतो आणि राळ त्याला जागच्या जागी धरून ठेवते. अशा जोडमालाला कंपोझिट म्हणतात.

ही युक्ती किती जुनी आहे हे आपल्या मुलांना पेसाहच्या रात्री माहीत होतं. फारोने आपल्या लोकांकडून विटा पाडून घेतल्या आणि पुढे पेंढा द्यायचं बंद केलं, पण विटा तितक्याच मागितल्या. पेंढा कशाला हवा होता? चिखलाची वीट वाळताना तडकते, पेंढ्याचे तंतू तिला धरून ठेवतात. ते कंपोझिटच. आणि त्याच्याही आधी, मोशे रब्बेनू तीन महिन्यांचा असताना आईने त्याला ज्या पेटीत ठेवून नदीकाठी सोडलं, ती लव्हाळ्याची होती आणि तिला डांबर आणि राळ लावलेली होती. तंतू आणि राळ. त्या माउलीने पाण्याचा विचार नीट केला होता. नुसतं लव्हाळं शाशासारखं पाणी प्यायलं असतं.

आजच्या पांढऱ्या बोटीत लव्हाळ्याच्या जागी काचेचे तंतू आहेत आणि डांबराच्या जागी पॉलिएस्टर रेझिन. काच वितळवून केसाहून बारीक धागे काढतात, त्यांची चटई साच्यात पसरतात, वर रेझिन ओततात, आणि ते घट्ट होतं. बोटींसाठी ही रीत अमेरिकेत १९४० नंतर सुरू झाली. साच्यात सगळ्यात आधी एक रंगीत गुळगुळीत थर देतात, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याला जेलकोट म्हणतात. फोटोतला पांढरेपणा तो जेलकोटचा.

काच पाणी पीत नाही, हे खरं. पण रेझिन पितं. फार नाही, वजनाच्या एखाद टक्क्याच्या आसपास. पाण्याचे कण रेझिनच्या साखळ्यांमधून वाट काढत हळूहळू आत सरकतात. अडोल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टराने १८५५ साली या सरकण्याचा नियम मांडला. त्यातून एक हिशेब निघतो, मुलांनो, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाडी दुप्पट केली तर पाणी पलीकडे पोचायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. खारी चहात बुडवताना पातळ खारी क्षणात मऊ पडते आणि जाड खारी बराच वेळ टिकते, तसंच काहीसं. आणि पाणी जितकं गरम तितकं हे सरकणं जलद. अल वक्राच्या समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये ३३-३४ अंशांपर्यंत तापतं. होडी म्हणजे कोमट पाण्याच्या टबात ठेवलेली.

पाणी आत गेलं की तीन गोष्टी होतात. रेझिन थोडं मऊ पडतं. ते थोडं फुगतं, पण काच फुगत नाही, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर ताण येतो. आणि तो सांधा सुटू लागला की त्या फटीतून पाणी आणखी वेगाने धावतं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. वरून बोट होती तशीच पांढरीशुभ्र.

फोड

जुन्या फायबरच्या बोटीचा तळ कधी हात लावून बघा. अश्दोदच्या मरिनात बोटी दुरुस्तीला वर काढलेल्या असतात तेव्हा दिसेल. काही बोटींच्या तळाला फोड आलेले असतात. मोहरीएवढे, काही रुपयाएवढे. फोड फोडला तर आतून चिकट पाणी येतं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो.

हे कसं झालं? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? मीठ बाहेर जास्त, म्हणून पाणी आतून बाहेर येतं. पाणी नेहमी कमी विरघळलेल्या बाजूकडून जास्त विरघळलेल्या बाजूकडे जातं, मध्ये पातळ पडदा असला तर. बोटीत जेलकोट हा पडदा. त्याच्यामागे रेझिनचे न जुळलेले, विरघळणारे अंश राहिलेले असतात. आत शिरलेलं थोडं पाणी त्यांना विरघळवतं, आणि मग ते घट्ट पाणी बाहेरच्या पाण्याला आत ओढत राहतं. जागा नसते, दाब वाढतो, जेलकोट वर उचलला जातो. फोड.

यातून एक उलटा वाटणारा निकाल निघतो. बाहेरचं पाणी खारट असेल तर ओढ कमी, गोडं असेल तर ओढ जास्त. म्हणजे फोडांचा त्रास समुद्रापेक्षा गोड्या पाण्याच्या तळ्यात अधिक. जगातल्या समुद्रांत सरासरी किलोला ३५ ग्रॅम मीठ, आपल्या अश्दोदच्या किनाऱ्यावर ३९ च्या आसपास, कतारच्या किनाऱ्यावर ४० च्या वर. तेवढ्यापुरतं अल वक्राचं मीठ होडीच्या बाजूने आहे आणि उष्णता विरुद्ध बाजूने. किनेरेतमध्ये उन्हाळाभर पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीला दोन्ही गोष्टी वाईट : पाणी गोडं आणि कोमट.

दुरुस्ती आहे, पण कष्टाची. जेलकोट खरवडून काढायचा, तळ धुऊन आठवडेच्या आठवडे, कधी महिने, सुकवायचा, आणि मग इपॉक्सीचे थर द्यायचे. सुकवायला धीर नसतो आणि ओल आत ठेवूनच वरून रंग मारतात. तो रंग कसला, झाकण. लाकडी होडीची कुजकी फळी काढून नवी बसवता येते. फायबरला फळी नसते. आणि अगदी निकामी झालेली फायबरची होडी कुजत नाही, वितळत नाही, जळणालाही घेता येत नाही. ती किनाऱ्यावर पडून राहते.

म्हणून काय फायबर वाईट? अजिबात नाही. गरीब कोळ्याला हलकी, स्वस्त, दरवर्षी तेलपाणी न मागणारी होडी मिळाली, हे लहान काम नाही. आमच्या पिढीने कोळणींना सुताची जाळी रोज वाळत घालताना पाहिलंय. ती जाळी झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून ठेवावी लागत, नाहीतर महिन्यात कुजत. नायलॉन आलं आणि ते कष्ट गेले. त्याबद्दल कुरकूर करायचा हक्क फक्त ज्यांनी ती जाळी वाळवली त्यांना आहे, आणि त्या कुरकूर करीत नाहीत.

किती पितं, त्याचे आकडे

धाग्यांच्या व्यापारात पूर्वीपासून एक हिशेब आहे. माल हवेतून किती ओल धरतो ते ठरवून दिलेलं असतं, नाहीतर व्यापारी धाग्याच्या भावाने पाणी विकेल. शंभर किलो अगदी कोरड्या मालामागे ताग १३.७५ किलो पाणी धरतो असं मानतात. रेशीम ११, कापूस साडेआठ, नायलॉन साडेचार, आणि पॉलिएस्टर फक्त ०.४. हे पाण्यात न बुडवता, नुसत्या हवेतून.

म्हणजे कारखान्यात बनलेले सगळेच धागे कोरडे नसतात. नायलॉन बरंच पितं. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटातला केव्हलार नावाचा धागाही तीन-चार टक्के पाणी धरतो. काच आणि कार्बन मात्र पीत नाहीत. आणि पाणी प्यायल्याने नेहमी कमजोरीच येते असंही नाही. सुताचा दोरा ओला असताना जास्त मजबूत असतो, धोब्याला विचारा. पण तोच दोरा रेझिनमध्ये पुरला की गोष्ट बदलते, कारण तो फुगतो आणि भोवतीचं रेझिन फुगत नाही.

इंग्लंडच्या पोर्टस्मथ विद्यापीठातल्या लोकांनी २००७ साली एक प्रयोग छापला. भांगेच्या झाडाचा वाख पॉलिएस्टर रेझिनमध्ये घालून तुकडे केले आणि पाण्यात बुडवून ठेवले. नुसत्या रेझिनने वजनाच्या एक टक्क्याहून कमी पाणी घेतलं. वाख सव्वीस टक्के घातल्यावर ते जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेलं. रेझिन तेच, पाणी तेच. फरक वाखाचा.

हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली सगळीकडे नैसर्गिक तंतूंचं कौतुक चाललंय. ताग, अंबाडी, काथ्या, खजूर काचेच्या जागी घाला, म्हणजे पृथ्वी वाचेल. कल्पना चांगली आहे. तंतू हलका, स्वस्त, शेतकऱ्याला पैसा, आणि काचेचा चुरा कातडीला टोचतो तसा हा टोचत नाही. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ ट्राबांट नावाची मोटार निघाली, तिचं अंग कापसाच्या टाकाऊ तंतूंचं आणि फिनॉल रेझिनचं होतं. लोक तिची चेष्टा करीत, पण ती तीस वर्षं चालली. नव्वदनंतर जर्मन गाड्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला जवसाचे आणि तागाचे तंतू आले. आतल्या बाजूला, हे लक्षात घ्या. पाऊस लागत नाही तिथे.

कतारमध्येही हा विचार झाला. त्या देशात वाया जाणारं झाड एकच, खजूर. दरवर्षी झावळ्या छाटतात आणि टाकतात. दोहातल्या कतार विद्यापीठात मरियम अल मादीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली खजुराच्या लाकडाचा भुसा आणि काचेचे तंतू दोन्ही एकत्र, वापरून झालेल्या पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकमध्ये घालून माल करून पाहिला. मला ही वाट पटते. नैसर्गिक तंतू एकटा पाठवू नये, सोबत काच द्यावी. आत भुसा, बाहेर न पिणारं द्रव्य. शिवाय तंतू आधी कॉस्टिक सोड्यात धुतला तर रेझिन त्याला घट्ट धरतं आणि फटी कमी राहतात. पण धुतलं तरी सेल्युलोजचे हुक सगळे जात नाहीत. आखाताच्या दमट रात्री, जिथे ऑगस्टमध्ये खिडकीच्या काचा बाहेरून घामेजतात, तिथे अशा मालाची होडी करण्याआधी मी तरी दहा वेळा विचार करीन. बाक करा, दार करा, मोटारीचं आतलं अस्तर करा.

दिवाडी बेटावरची दोन जहाजं

काच आणि काथ्या, दोघांची खरी परीक्षा एकाच ठिकाणी बघायची असेल तर गोव्याला मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर जायला हवं. तिथे रत्नाकर दांडेकर यांचा जहाजं बांधण्याचा कारखाना आहे. २००९ साली त्यांनी भारतीय नौदलाला म्हादेई नावाचं शिडाचं जहाज बांधून दिलं. लाकडाच्या पट्ट्यांचं अंग, आणि त्यावर काचतंतू आणि इपॉक्सीचे थर. त्याच जहाजावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. लाकूड पाणी पितं, म्हणून त्याला इपॉक्सीच्या पिशवीत बंद केलं. अशा जहाजात सगळी काळजी स्क्रूच्या भोकांची घ्यायची असते. एक भोक नीट बुजवलं नाही की पाणी आतल्या लाकडापर्यंत पोचतं, आणि बंद पिशवीतलं लाकूड वाळायला वाव नसतो. ते आतल्या आत कुजतं.

आणि मग दांडेकरांनीच अगदी उलट जहाज बांधलं. अजिंठ्याच्या चित्रात पाचव्या शतकातलं एक जहाज आहे, त्यावरून. एकही खिळा नाही. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर यांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि सांध्यांना नैसर्गिक राळ भरली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव कौंडिण्य. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून मस्कतला निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये पोचलं. पूर्वी सागवान आणि काथ्या ज्या पाण्यातून अरबस्तानात जाई, त्याच पाण्यातून. या जहाजात पाणी पिणारा माल झाकलेला नाही. फळी प्यायली, फुगली, काथ्याचा टाका ताणला गेला, फट बंद झाली.

म्हणून अश्दोदच्या मुला, तुझ्या भिंतीवरच्या फोटोतलं उत्तर असं आहे. लाकडी जहाज अल वक्राला टिकून आहे त्यात थोडा अभिमान आहे, थोडे टुरिस्ट आहेत, हे कबूल. पण ते चालतं कारण त्याची ओल दिसते. गळू लागलं की खलाशाला कळतं, फळी मऊ पडली की बोटाला कळतं, आणि तेवढीच फळी बदलता येते. पांढरी बोट रोजच्या कामाला सोयीची, फक्त तिला दर वर्षी वर काढून सुकू द्यावं, तळ तपासावा, आणि ओरखडा पडला तर त्याच आठवड्यात भरावा. तुझी समजूत एका शब्दाने बदल : "लागतच नाही" च्या जागी "हळू लागतं" म्हण.

मोठ्यांसाठी घरची गोष्ट. सिंकखालच्या कपाटाचं लाकूड नेहमी खालच्या कडेने फुगतं, मधून नाही. कारण कापलेल्या कडेला तंतूंची तोंडं उघडी असतात आणि पाणी तिथूनच वर चढतं. मिरपेसेतवर लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या हल्ली खूप लोक बसवतात. आमच्या ओळखीच्या एका घरी दुकानदाराने "यावर पाण्याचा थेंब ठरत नाही" असं सांगून बसवल्या, आणि दोन पावसाळ्यांत कडा फुगून वर आल्या. पट्टीत भुसा आहे, म्हणजे ती पिणार. बसवताना कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्या, पट्ट्यांमध्ये फुगायला जागा सोडायला लावा, आणि कारागीर घाई करायला लागला तर त्याला चहा द्या पण कडा बंद झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुलांनी करून बघायचं

शंभर ग्रॅम तागाची सुतळी आणि शंभर ग्रॅम नायलॉनची दोरी घ्या. दोन्ही मोकळ्या करून एक पूर्ण दिवस कडक उन्हात वाळवा. संध्याकाळ व्हायच्या आत स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहा. मग रात्रभर न्हाणीघरात टांगून ठेवा, घरातल्या सगळ्यांच्या गरम पाण्याच्या आंघोळी होऊ द्या, आणि सकाळी पुन्हा वजन करा. दोरीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नुसती वाफ. सुतळी किती ग्रॅम वाढली, नायलॉन किती वाढलं, ते लिहा.

दिमोनाच्या मुलांनी जरूर करा आणि अश्दोदच्याही. वाळवंटातली सुतळी आणि समुद्राकाठची सुतळी यांचे आकडे सारखे येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. ज्या दिवशी प्रयोग केला ती तारीख आणि गावाचं नाव घालून आकडे पाठवा. मराठीत लिहिता येत नसेल तर आजीला सांगा.